लिनक्सवरील सेवा थांबवण्याचा आणि बंद ठेवण्याचा इतिहास

लिनक्सचा संगणक सुरू झाला की पडद्यावर काही उमटण्याआधीच त्यात कित्येक कार्यक्रम कामाला लागलेले असतात. त्यांना खिडकी नसते आणि वापरणाऱ्याशी ते बोलत नाहीत. छपाईची कामे रांगेत लावणे, घड्याळ जुळते ठेवणे, नेटवर्कची जोडणी सांभाळणे, दुसऱ्या संगणकाच्या हाकेला ओ देणे, घडेल त्याची नोंद करणे ही त्यांची कामे. युनिक्सच्या परंपरेत त्यांना डीमन म्हणतात, रोजच्या बोलण्यात सर्व्हिस किंवा सेवा. त्या सुरू करण्याची सोय पहिल्यापासून होती. त्या थांबवण्याच्या आणि थांबलेल्या ठेवण्याच्या रीती मात्र पन्नासहून अधिक वर्षे घडत आणि मोडत आल्या आहेत. सेवा बंद आहे असे नेमके कधी म्हणायचे, या प्रश्नाचे उत्तर दर पिढीत बदलत गेले म्हणून या रीतीही बदलल्या.

अशा कार्यक्रमांची सुरुवात अमेरिकेतील एमआयटीत झाली. तिथल्या प्रोजेक्ट मॅकमध्ये १९६३ च्या सुमारास फर्नांडो कॉर्बाटो यांचा गट आयबीएम ७०९४ या यंत्रावर काम करत होता. फायलींच्या प्रती आपोआप टेपवर उतरवणारा कार्यक्रम हा या जातीच्या पहिल्या कार्यक्रमांपैकी मानला जातो. पुढे १९६९ पासून बेल लॅब्जमध्ये युनिक्स आकाराला आले आणि त्यात यंत्र चालू होताच सर्वांत आधी सुरू होणारा इनिट हा कार्यक्रम ठरला. इनिट एक साधी फाइल वाचून घेई आणि तिच्यात लिहिलेल्या आज्ञा ओळीने चालवी. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ठरल्या वेळी कामे करणारा क्रॉनही याच फाइलीतून सुरू होई.

त्या काळी सेवा थांबवायची तर चालू प्रोसेसची यादी काढून तिचा क्रमांक शोधायचा आणि ‘किल’ ही आज्ञा द्यायची. पंधरा क्रमांकाचा संकेत दिला की कार्यक्रमाला हातातले काम आवरायला वेळ मिळे. नऊ क्रमांकाच्या संकेताने तो जागच्या जागी संपे, मग त्याची एखादी फाइल अर्धवट लिहिलेली राहिली तरी. पण यंत्र पुन्हा चालू झाले की इनिट तीच फाइल वाची आणि मारलेली सेवा परत उभी राही. ती कायमची नको असेल तर फाइल उघडून तिची ओळ खोडावी लागे. म्हणजे आताचे थांबवणे आणि पुढच्या वेळी सुरू न होऊ देणे ही पहिल्या दिवसापासून दोन वेगळी कामे होती आणि त्यांना जोडणारे काहीच नव्हते. आजही नवशिक्या प्रशासकाची बहुतेक फसगत याच ठिकाणी होते.

एटी अँड टीच्या सिस्टिम पाच या युनिक्सने (१९८३) ही व्यवस्था बरीच शिस्तीत आणली. यंत्राच्या अवस्थांना आकडे मिळाले. शून्य म्हणजे बंद, एक म्हणजे दुरुस्तीसाठी एकट्या प्रशासकाची अवस्था, सहा म्हणजे पुन्हा सुरू करणे, आणि मधले आकडे नेहमीच्या कामाचे. या पद्धतीच्या पक्व रूपात प्रत्येक सेवेची एक छोटी स्क्रिप्ट असे आणि तिला ‘स्टार्ट’ किंवा ‘स्टॉप’ असे सांगता येई. प्रत्येक अवस्थेची वेगळी निर्देशिका असे आणि तिच्यात त्या स्क्रिप्टांचे दुवे ठेवलेले असत. दुव्याचे नाव ‘एस’ने सुरू झाले तर सेवा चालू करायची, ‘के’ने सुरू झाले तर थांबवायची. त्यापुढचे दोन आकडे क्रम ठरवत. सेवा बंद ठेवणे आता एका दुव्याचे नाव बदलण्याइतके सुटसुटीत झाले. या पद्धतीची खरी थोरवी तिच्या उघडेपणात होती. निर्देशिकेची यादी काढली की यंत्र सुरू होताना काय काय जागे होणार हे कोणालाही, कोणत्याही खास साधनाशिवाय वाचता येई. पुढच्या तीस वर्षांत आलेल्या साधनांनी पुष्कळ काही दिले, पण इतका सरळ उघडेपणा पुन्हा आला नाही.

बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सने वेगळी वाट धरली. त्या काळची मेमरी तुटपुंजी होती आणि क्वचित लागणाऱ्या डझनभर सेवा दिवसभर जाग्या ठेवणे परवडत नसे. म्हणून १९८६ च्या ४.३ बीएसडीमध्ये इनेटडी आला. हा वाड्याच्या देवडीवर बसलेल्या माणसासारखा होता. बाहेरून कोणी हाक मारली की तो आत जाऊन नेमक्या त्या सेवेला उठवी आणि काम संपले की ती सेवा पुन्हा नाहीशी होई. यात मेमरी वाचली, पण बंद असण्याचा जुना अर्थ मोडला. आता प्रोसेसच्या यादीत सेवा दिसत नसली तरी तिचे दार उघडेच असे.

हे किती महाग पडू शकते ते २ नोव्हेंबर १९८८ ला दिसले. रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला वर्म त्या वेळच्या इंटरनेटवर पसरला. सुमारे ६,००० यंत्रे बाधित झाल्याचा अंदाज पुढे रूढ झाला. हा वर्म ज्या वाटांनी आत शिरला त्यांतली एक फिंगर ही सेवा होती. कोणता वापरकर्ता यंत्रावर आहे अशी माहिती ती देई आणि तिला इनेटडी उठवत असे. फिंगर चालू नाही असे त्या क्षणी प्रोसेसच्या यादीवरून दिसले असते, तरी हल्ला थांबला नसता. दुसरी वाट टपाल पोचवणाऱ्या सेंडमेलमधून होती. चाचणीसाठीची एक सोय त्यात कित्येक ठिकाणी चालूच राहिलेली होती. त्याच महिन्यात अमेरिकेतील कर्नेगी मेलन विद्यापीठात संगणकीय आपत्तींसाठी सर्ट हे समन्वय केंद्र उभे राहिले. इनेटडीच्या फाइलीतल्या नको असलेल्या ओळींपुढे टिप्पणीचे चिन्ह टाकून त्या निकामी करणे हा तेव्हापासून प्रशासकाच्या कामाचा पहिला धडा झाला. भारतात अशी राष्ट्रीय यंत्रणा, सर्ट-इन, २००४ मध्ये सुरू झाली.

महाराष्ट्रात ही विद्या युनिक्सबरोबर आली आणि ती मुंबईतून आली. १९८६ पासून अर्नेट या शैक्षणिक जाळ्याची उभारणी सुरू झाली आणि मुंबईतील एनसीएसटी व आयआयटी या त्यातल्या प्रमुख संस्था होत्या. दुसरीकडे रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांचे संगणकीकरण सुरू झाले आणि युनिक्सवर चालणारी यंत्रे बँकांमध्ये मोठ्या प्रमाणावर आली. युनिक्स जाणणाऱ्या तंत्रज्ञांची पिढी यातून तयार झाली, पण ही यंत्रे कार्यालयाच्या चार भिंतींत होती. घरच्या माणसाचा युनिक्सशी संबंध आला तो विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सार्वजनिक इंटरनेट सुरू केल्यावर. स्वस्तातले खाते घेणाऱ्याला टेलिफोन लावून निगमच्या युनिक्स यंत्रावर नुसत्या अक्षरांच्या पडद्यात काम करावे लागे. यंत्र निगमचे असल्याने कोणती सेवा चालेल आणि कोणती नाही हे ठरवणे खातेदाराच्या हातात नव्हते.

लिनक्सने ते हातात दिले. लिनुस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये कर्नल प्रसिद्ध केला आणि १९९३ पर्यंत स्लॅकवेअर व डेबियन ही वितरणे सुरू झाली. टेलिफोनच्या तारेवरून एवढी मोठी गोष्ट उतरवून घेणे भारतात अशक्यप्राय होते. पीसीक्वेस्ट मासिकाने १९९६ मध्ये अंकासोबत लिनक्सची सीडी दिली आणि ज्यांच्या गावात इंटरनेट पोचले नव्हते अशा वाचकांच्याही हाती संपूर्ण युनिक्स आले. त्याबरोबर सेवा थांबवण्याची जबाबदारीही आली. स्लॅकवेअरमध्ये सेवेच्या स्क्रिप्टची चालवण्याची परवानगी काढून घेतली की ती बंद. डेबियनमध्ये ‘अपडेट-आरसी.डी’ दुवे काढून टाकी. रेड हॅटने सिलिकॉन ग्राफिक्सच्या आयरिक्स या युनिक्सवरून ‘चेककॉन्फिग’ ही आज्ञा घेतली. सेवेचे नाव लिहून पुढे ‘ऑफ’ म्हटले की नेहमीच्या कामाच्या अवस्थांतले दुवे एकदम बदलत.

तेव्हाची वितरणे ताटात सगळेच वाढून ठेवत. रेड हॅट बसवले की सेंडमेल, पोर्टमॅप, फायली वाटून घेण्याच्या एनएफएसच्या सहायक सेवा, नवे हार्डवेअर शोधणारा कुडझू, आयएसडीएन जोडणी, लॅपटॉपच्या पीसीएमसीआयए खाचेची सेवा असे कितीतरी काही चालू होई. साध्या टेबलावरच्या संगणकाला यातले बरेचसे कधीच लागत नसे. ६४ किंवा १२८ एमबी मेमरीच्या यंत्रावर त्यांचा भार जाणवे. म्हणून काय बंद करावे याच्या याद्या हातोहात फिरत. त्या याद्यांचा हेतू बहुतेक वेग वाढवण्याचा होता. जानेवारी २००१ मधील रेमन वर्मने त्यांना वेगळेच महत्त्व दिले. तो रेड हॅट ६.२ आणि ७.० वरच चालून आला. फायली देणारी डब्ल्यूयू-एफटीपीडी, एनएफएससोबत येणारी आरपीसी.स्टॅटडी आणि छपाईची एलपीआरएनजी या सेवांतील दोष त्याने वापरले. ज्यांच्या यंत्रात तो शिरला त्यांतल्या अनेकांना आपल्या यंत्रावर अशी सेवा आहे हेही ठाऊक नव्हते. मार्चमध्ये लायन वर्मने नावे शोधून देणाऱ्या बाइंडमधून तोच प्रकार केला.

दोष वापरणाऱ्याचा नव्हता, सगळे उघडे ठेवून देणाऱ्या वितरणांचा होता, हे हळूहळू मान्य झाले. ओपनबीएसडीने १९९० च्या दशकातच अनावश्यक सेवा मुळातूनच बंद ठेवून यंत्र देण्याचे धोरण धरले होते. लिनक्सच्या जगात २००४ मध्ये आलेल्या उबुंटूने नव्या यंत्रावर बाहेरून येणाऱ्यांसाठी कोणतेही दार उघडे न ठेवण्याचा नियम केला. पुढे काही अपवाद झाले, पण रोख टिकला. दोन मोठ्या घराण्यांतला एक फरक मात्र आजवर राहिला आहे. डेबियनच्या वंशातल्या यंत्रावर सेवेचे पॅकेज बसवले की ती बहुधा लगेच सुरू होते. फेडोरा आणि रेड हॅटच्या वंशात ती बहुधा निजलेली राहते आणि मालकाने सांगितल्याशिवाय उठत नाही. सीडॅकने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेले बॉस लिनक्स डेबियनवर आधारलेले आहे. मराठीसह भारतीय भाषांची सोय त्यात मन लावून केली आहे, पण सेवांच्या बाबतीत ते वापरणाऱ्यालाही डेबियनची ही खोड माहीत असावी लागते.

थांबवणे आणि बंद ठेवणे यांतला फरक ज्या गावात वीज जाते तिथे रोज भेटतो. सोलापूरहून विजापूरच्या रस्त्याला लागले की सीना ओलांडल्यावर आणि भीमेच्या अलीकडे मंद्रूप लागते. दक्षिण सोलापूर तालुक्यातील हे मोठे गाव मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणाऱ्या पट्ट्यात आहे. २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्रात लांबलचक भारनियमनाची होती. शहरातला सर्व्हर महिनोन्महिने बंद न होता चालतो, त्यामुळे तिथे थांबवलेली सेवा महिनोन्महिने थांबलेली राहते आणि प्रशासकाला वाटते, काम झाले. मंद्रूपसारख्या गावातल्या संगणकाला ही चैन नसते. वीज गेली, बॅटरी संपली, वीज आली, यंत्र पुन्हा सुरू झाले की नुसती थांबवलेली प्रत्येक सेवा जशीच्या तशी परत उभी राहते. फाइलीत किंवा दुव्यात उमटलेला निर्णय तेवढा टिकतो. अशा ठिकाणी संगणक शिकणाऱ्याला हा धडा पहिल्याच आठवड्यात मिळतो, आणि शहरातल्या कित्येक अनुभवी माणसांना तो वर्षांनंतर, सर्व्हर अचानक बंद पडून सुरू झाल्यावर मिळतो. वीज जाण्याचा दुसराही परिणाम आहे. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राला दर वेळी उठायला दोन-तीन मिनिटे लागत असतील तर समोर कामासाठी उभ्या असलेल्या माणसाचा तेवढा वेळ जातो, आणि अनावश्यक सेवा कमी केल्याने हा वेळ खरोखर घटतो. वेगासाठी सेवा बंद करण्याचे समर्थन आजच्या दणकट यंत्रांवर फारसे उरलेले नाही, कारण निजलेली सेवा जवळजवळ काहीच खात नाही. जुन्या, कमी मेमरीच्या यंत्रावर ते अजून खरे आहे.

जुन्या पद्धतीत आणखी एक खोल दोष होता. ‘स्टॉप’ म्हटल्यावर सेवा खरेच थांबली की नाही याची खात्री नसे. डीमन सुरू होताना स्वतःची प्रत काढतो, मूळ प्रोसेस संपवतो आणि सुरू करणाऱ्यापासून नाते तोडतो. त्यामुळे त्याचा माग ठेवण्यासाठी एका छोट्या फाइलीत त्याचा क्रमांक लिहून ठेवत. वीज गेल्यावर ती फाइल मागे राहिली तर तिच्यातला क्रमांक शिळा होई, आणि पुढे तोच क्रमांक भलत्याच प्रोसेसला मिळालेला असू शके. शिवाय वेब सर्व्हरने जन्माला घातलेली लेकरे मूळ प्रोसेस संपल्यावरही मागे राहत. स्क्रिप्ट ‘थांबवले’ असे सांगे आणि दार मात्र अडवलेले राही. म्हणून पुन्हा यादी काढा, पुन्हा ‘किल’ द्या, हे चाले.

याला उत्तर कर्नलमधून आले. गूगलमधील पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये हाती घेतलेले काम कंट्रोल ग्रुप या नावाने जानेवारी २००८ च्या २.६.२४ या कर्नलमध्ये सामील झाले. प्रोसेसचा गट करून त्याच्यावर एकत्र लक्ष ठेवण्याची ही सोय होती. तिचा सेवांसाठी पुरता उपयोग करून घेतला तो सिस्टिमडीने. त्याआधी कॅनॉनिकलचे स्कॉट जेम्स रेमनंट यांचा अपस्टार्ट ऑक्टोबर २००६ मध्ये उबुंटूत आला होता आणि रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ६ नेही तो घेतला, पण तो मधला मुक्काम ठरला. रेड हॅटमधील लेनार्ट पोएटरिंग यांनी एप्रिल २०१० मध्ये नव्या इनिटची, म्हणजे सिस्टिमडीची, कल्पना मांडली आणि काय सीव्हर्स यांच्यासोबत ती उभी केली. मे २०११ मध्ये फेडोरा १५, जून २०१४ मध्ये रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ७ आणि एप्रिल २०१५ मध्ये डेबियन ८ व उबुंटू १५.०४ असा तिचा प्रसार झाला. डेबियनमध्ये त्यावरून मोठे भांडण झाले. तांत्रिक समितीने फेब्रुवारी २०१४ मध्ये निर्णय दिला आणि तो न पटलेल्यांनी डेवुआन हे वेगळे वितरण काढले. एका कार्यक्रमाने इतकी सूत्रे हाती घ्यावीत का, हा त्यांचा प्रश्न गैर नव्हता. पण थांबवण्याच्या एका मुद्द्यावर सिस्टिमडी निःसंशय उजवी ठरली. ती प्रत्येक सेवा स्वतंत्र गटात सुरू करते. ‘सिस्टिमसीटीएल स्टॉप’ म्हटले की गटातल्या सगळ्यांना आवरण्याचा संकेत जातो, ठरलेला वेळ वाट पाहिली जाते, आणि तरी कोणी उरले तर सक्तीने संपवले जाते. शिळ्या क्रमांकांच्या फाइलींवर विसंबण्याचे कारण उरले नाही.

बंद ठेवण्याचे काम मात्र सिस्टिमडीत अधिक पायऱ्यांचे झाले. ‘डिसेबल’ ही आज्ञा यंत्र सुरू होताना सेवेला बोलावणारा दुवा काढते, चालू सेवेला हात लावत नाही. दोन्ही एकदम हवे असेल तर तिला ‘नाऊ’ हा पर्याय जोडता येतो, तो २०१५ मध्ये आला. तेवढ्याने सगळे संपत नाही, कारण बर्कलीची देवडी सिस्टिमडीत परत आली आहे. सिस्टिमडी स्वतः दारावर बसते आणि हाक आली की सेवा उठवते. सेवा दुसऱ्या सेवेच्या गरजेपोटीही उठू शकते, डी-बस या अंतर्गत संदेशमार्गावरच्या मागणीनेही उठू शकते. म्हणून छपाईची कप्स ही सेवा थांबवली तर आज्ञाच इशारा देते की तिचे सॉकेट, म्हणजे सिस्टिमडी राखत असलेले दार, तिला पुन्हा जागे करू शकते. अशा वेळी सॉकेटचे युनिटही बंद करावे लागते. त्यापलीकडची पायरी ‘मास्क’ची आहे. ती सेवेच्या नावाचा दुवा ‘डेव्ह-नल’ या रिकाम्या ठिकाणी लावते, मग मालकाने स्वतः ‘स्टार्ट’ म्हटले तरी सेवा उठत नाही. चुकून मास्क केलेले डी-बस, लॉगिन सांभाळणारी लॉगिनडी किंवा हार्डवेअर ओळखणारी यूडेव्ह यंत्राचे सुरू होणे किंवा त्यात लॉगिन होणेच अडवू शकते, त्यामुळे ही आज्ञा सेवा ओळखीची असेल तरच द्यावी.

२६ सप्टेंबर २०२४ ला हा सगळा इतिहास एका घटनेत एकत्र आला. सिमोने मार्गारितेल्ली या संशोधकाने कप्सच्या आसपासच्या घटकांतील दोष जाहीर केले. त्यांतला मुख्य दोष ‘कप्स-ब्राउझ्ड’ या सेवेत होता. नेटवर्कवरचे प्रिंटर आपोआप शोधून यादीत घालणे हे तिचे काम. ती ६३१ क्रमांकाच्या दारावर कोणाचेही पाकीट स्वीकारत होती, त्यातून बनावट प्रिंटर यादीत घुसवता येई आणि त्यावर काही छापले गेले की हल्लेखोराची आज्ञा यंत्रात चालू शके. दुरुस्ती येईपर्यंत दिलेला मुख्य सल्ला असा होता. ‘कप्स-ब्राउझ्ड’ थांबवा आणि डिसेबल करा.

सातबारा आणि दाखले छापून देणाऱ्या मंद्रूपच्या एखाद्या लिनक्स संगणकावर हा सल्ला कसा लागू पडतो ते पाहिले की या रीतींचा उपयोग कळतो. तिथे छपाई हेच काम, म्हणून कप्स बंद करता येत नाही. पण प्रिंटर एकच आणि तोही यूएसबीच्या तारेने जोडलेला असेल तर तो शोधणाऱ्या ‘कप्स-ब्राउझ्ड’ची काहीच गरज नाही. ती ‘नाऊ’ पर्यायासह डिसेबल करावी. मग ‘एसएस’ या आज्ञेने यूडीपीची ऐकत बसलेली दारे पाहावीत. कप्स स्वतः टीसीपीच्या ६३१ क्रमांकाच्या दारावर बहुधा फक्त त्याच संगणकासाठी ऐकत असते, ते राहू द्यावे. यूडीपीचे ६३१ यादीत नसले पाहिजे. यानंतर यंत्र एकदा पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावे, तीच यादी पुन्हा काढावी आणि एक कागद छापून पाहावा.